जाड कोट नागपुरातून नेऊ नका
४५ अंश झेललेला नागपूरकर डिसेंबरात सहा महिन्यांसाठी बर्लिनला उतरला, की थंडीपेक्षा कोरडेपणानं हैराण होतो. बाहेरची गार हवा हीटरनं तापवली की फारच कोरडी पडते. ओठ फुटतात, घसा सुकतो. आपला कूलर मे महिन्यात हवेला ओलावा देतो, तेच तिथे करायचं: रात्री एक ओला टॉवेल खोलीत वाळत घाला. खोबरेल २४ अंशांखाली गोठतं, म्हणून अंगाला लावायला तिळाचं तेल न्या. सीताबर्डीवरून जाडजूड कोट घेऊन बॅग भरू नका, तो तिथेच घ्या. इथून थर्मलचे दोन जोड पुरे. आत सुती बनियन मात्र नको. ते घाम धरून ठेवतं आणि मग हुडहुडी भरते. आणि हो, दुपारी चारलाच अंधारतं, फिरणं जेवणाच्या सुट्टीतच उरका.