बॉयलरचं वेल्डिंग: आधी जॉब तापवा, मग रॉड लावा

भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांत बॉयलरची दुरुस्ती म्हटली की घाई ठरलेली, कारण स्टीम थांबली की प्रॉडक्शन थांबतं. या घाईत सगळ्यात आधी कात्री लागते ती प्रीहीटला, म्हणजे वेल्डआधी जॉब तापवण्याला. वेल्ड वरून सुरेख दिसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या कडेला केसाएवढा तडा निघतो.

जाड, थंड प्लेट वेल्डची उष्णता झपाट्याने ओढून घेते. कडेचं पोलाद कडक आणि ठिसूळ होतं. ओलसर रॉड, तेल किंवा गंजातून आलेला हायड्रोजन तिथे अडकतो आणि ताण पडला की तडा जातो. जॉब तापलेला असेल तर तो सावकाश निवतो आणि हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळतो.

प्रेशर पार्टला (वाफेचा दाब सोसणाऱ्या भागाला) हात लावण्याआधी बाष्पके संचालनालयाची परवानगी आणि प्रमाणित वेल्डर हवाच. मटेरियल कोणतं ते टेस्ट सर्टिफिकेटवर बघा, अंदाजाने ठरवू नका. कार्बन स्टील 25 मिमीपेक्षा जाड आणि जास्त कार्बनचं असेल तर साधारण 80 अंश सेल्सिअस, क्रोम-मॉली मिश्र पोलादांपैकी पी11 ला 120 ते 150, पी22 ला 150 ते 200, पी91 ला किमान 200. मंजूर डब्ल्यूपीएसमध्ये (वेल्डिंगच्या लेखी कार्यपद्धतीत) जो आकडा असेल तोच पाळा.

जुना तडा मुळापर्यंत ग्राइंड करा आणि तो संपल्याची डीपी टेस्टने (रंगीत द्रव लावून तडा दाखवणाऱ्या चाचणीने) खात्री करा. 7018 हे कमी हायड्रोजनचे रॉड उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ओव्हनमध्ये भाजून घ्या. पुण्याच्या पावसाळ्यात रात्रभर उघड्या राहिलेल्या पाकिटातले रॉड तसेच वापरणं म्हणजे तड्याला आमंत्रण.

आता तापवणं. कटिंग टॉर्चची टोकदार ज्योत नको. पसरट ज्योतीचा बर्नर घ्या किंवा सिरॅमिक हीटिंग पॅड लावा. ज्योत लागताच प्लेटला घाम फुटतो. गॅस जळताना तयार होणारी वाफच थंड धातूवर जमते. हा घाम उडाला म्हणजे प्रीहीट झालं, असं समजणारे पुष्कळ आहेत. तेव्हा जॉब खरं तर नुकता कुठे कोमट झालेला असतो. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना निदान 75 मिमी पट्टा तापवा. ज्योत बाजूला करून मिनिट-दोन मिनिटं थांबा आणि मग थर्मल चॉक, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळणारा खडू, ओढा. शक्य असेल तर मागच्या बाजूने ओढा, कारण उष्णता पूर्ण जाडीत पोचली की नाही हे तिथेच कळतं.

टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरणारा छोटा वेल्ड, मारतानाही हेच तापमान हवं. छोटासा टॅक सगळ्यात लवकर निवतो, म्हणून तडाही तिथूनच सुरू होतो. प्रत्येक रनआधी (वेल्डच्या प्रत्येक थराआधी) चॉक पुन्हा लावा; तापमान खाली घसरू देऊ नका आणि डब्ल्यूपीएसमधली वरची मर्यादाही ओलांडू नका. अर्धा वेल्ड टाकून जेवायला जाऊ नका.

काम झालं की जॉब सिरॅमिक वूलमध्ये गुंडाळा. पाणी किंवा पंख्याचा वारा अजिबात नको. मिश्र पोलादाला पोस्ट वेल्ड हीट ट्रीटमेंट (वेल्डनंतर ठरावीक तापमानाला पुन्हा तापवणं) सांगितली असेल तर ती चुकवू नका. हा तडा उशिराने उघडतो, म्हणून शेवटची डीपी 48 तासांनंतर करा आणि त्यानंतरच हायड्रो टेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीला, पाणी भरा.