स्क्रीनची भिंत चालवणारा क्लस्टर कसा सांभाळावा

समजा चार स्तंभ, दोन ओळी, आठ स्क्रीन आणि प्रत्येकीमागे एक नोड, म्हणजे क्लस्टरमधला एक संगणक. पहिलं काम नावांचं. 'नोड७' या नावावरून काहीच कळत नाही. 'भिंत-२-३' म्हटलं की दुसरी ओळ, तिसरी स्क्रीन, हे शिडीवर चढलेल्या माणसालाही समजतं. तेच नाव केबलच्या दोन्ही टोकांना चिकटवा. मग प्रत्येक स्क्रीनवर तिच्या नोडचं नाव मोठ्या अक्षरांत दाखवून भिंत एकदा वाचून काढा. अदलाबदल झालेल्या केबल इथेच सापडतात.

सकाळी एखादी स्क्रीन भलत्याच रिझोल्यूशनवर दिसली, तर बहुतेक वेळा नोड आधी चालू झाला आणि स्क्रीन नंतर, असं झालेलं असतं. स्क्रीन आपली माहिती (एडिड) देत नाही, तेव्हा ग्राफिक्स कार्ड अंदाजाने चालतं. चालू असलेल्या स्क्रीनची एडिड फाइल एकदा साठवून घ्या आणि एक्सऑर्गच्या (लिनक्सवर स्क्रीनवर चित्र दाखवणारा एक्स सर्व्हर) कॉन्फिगमध्ये 'कस्टमएडिड' व 'कनेक्टेडमॉनिटर' हे पर्याय लिहून ती कायमची जोडा. स्क्रीनसेव्हर आणि डीपीएमएस (स्क्रीन आपोआप झोपवणारी वीजबचत) सगळीकडे बंद ठेवा.

आठही नोडवर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर तंतोतंत एकच हवा. आपोआप होणारे अपडेट बंद करा. ड्रायव्हर नवा झाला आणि नोड रीबूट झाला नाही, की एनव्हिडियाची साधनं आवृत्ती जुळत नसल्याची तक्रार करतात आणि ती एक स्क्रीन काळी राहते. रोज पीडीएसएचने (एकच आज्ञा सगळ्या नोडवर चालवणारं साधन) सगळ्यांकडून ड्रायव्हरची आवृत्ती मागवा आणि उत्तर 'डीएसएचबॅक -सी'मधून काढा. सारखी उत्तरं एकत्र येतात, वेगळा नोड लगेच डोळ्यांत भरतो.

आता सगळ्यात डोकं खाणारा भाग, सिंक, म्हणजे सगळ्या स्क्रीन एकाच क्षणी बदलणं. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. एनटीपीने घड्याळं जुळतात, स्क्रीन रंगवण्याची वेळ जुळत नाही. त्यासाठी सिंक कार्ड आणि फ्रेमलॉक लागतं. त्या कार्डाची भोकं अगदी नेटवर्कच्या आरजे४५सारखी दिसतात, पण त्यांत नेटवर्कची केबल कधीही घालू नका. विद्युत रचना वेगळी आहे, हार्डवेअर खराब होऊ शकतं. फ्रेमलॉकसोबत सॉफ्टवेअरमध्ये स्वॅप बॅरियरही (सगळे नोड तयार होईपर्यंत कोणालाच नवी फ्रेम दाखवू न देणारा थांबा) हवा, नाहीतर एक नोड नवी फ्रेम दाखवतो आणि शेजारचा जुनीच. बॅरियर असला की सगळी भिंत सर्वांत मंद नोडच्या वेगाने चालते, हे गृहीत धरा.

तपासणीसाठी एक आडवी रेघ वरून खाली सरकवा. शेजारच्या दोन स्क्रीनच्या सांध्यावर पायरी पडली तर फ्रेमलॉक किंवा बॅरियर पाहा. मग उभी रेघ वेगाने आडवी सरकवा. ती एकाच स्क्रीनच्या आत तुटली तर व्हीसिंक (स्क्रीनच्या रंगवण्याशी फ्रेम जुळवणारी सोय) बंद आहे. वरच्या व खालच्या ओळीच्या सांध्यावर मात्र थोडी फट दिसेलच. प्रत्येक स्क्रीन वरून खाली रंगते. वरचीचा तळ फ्रेमच्या शेवटी येतो, खालचीचं डोकं सुरुवातीला. तो बिघाड नव्हे, त्याच्यामागे दिवस घालवू नका.

चौकटींची भरपाई, म्हणजे चौकटीमागे येणारा चित्राचा भाग लपवणं, मोजूनच करा. ५५ इंची, १९२० पिक्सेलच्या स्क्रीनवर एक पिक्सेल साधारण ०.६३ मिमीचा असतो. दोन चित्रांमधली पट्टी ३.५ मिमी असेल तर ५ ते ६ पिक्सेल लपवावे लागतात. नकाशे आणि त्रिमितीय चित्रांना हे शोभतं. मजकुराच्या वेळी भरपाई बंद करा, नाहीतर अक्षरं पट्टीखाली गडप होतात.

नेटवर्कवरून कच्चे पिक्सेल पाठवायचा मोह टाळा. १९२०×१०८०ची एक फ्रेम सुमारे ६.२ मेगाबाइटची, गिगाबिट जोडणीवर एका स्क्रीनलाच सेकंदाला जेमतेम २० फ्रेम मिळतील. डेटा आधीच प्रत्येक नोडवर ठेवून फक्त दृश्यातल्या आभासी कॅमेऱ्याची जागा पाठवावी आणि चित्र तिथेच काढू द्यावं. ओपन एमपीआयने (एक प्रोग्रॅम अनेक नोडवर मिळून चालवणारं साधन) प्रोग्रॅम सुरू करताना 'डिस्प्ले' हे व्हेरिएबल '-एक्स' पर्यायाने पुढे पाठवायला विसरू नका; ते नसलं तर प्रोग्रॅमला एक्स सर्व्हर सापडत नाही आणि खिडकीच उघडत नाही.