स्टेनलेसचा क्लॅम्प जाम होऊ नये म्हणून

छतावर सोलर पॅनलचे क्लॅम्प कसताना माझा पहिला बोल्ट गेला तो निव्वळ घाईमुळे. एम-८ चा कोरा करकरीत स्टेनलेस बोल्ट, कोरडाच लावला आणि इम्पॅक्टने (झटके देत बोल्ट कसणारं मशीन) टर्रकन फिरवला. मध्येच आवाज जड झाला, मशीन थांबलं. नटाला हात लावला तर चटका बसला. आता तो पुढेही जाईना, मागेही येईना. शेवटी काचेवर ओलं गोणपाट पसरून हॅक्सॉने कापला.

हा गंज नव्हे. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, त्याच्यामुळेच ते गंजत नाही. दाबाखाली आटे एकमेकांवर घासले की तो थर खरवडला जातो आणि उघडा पडलेला धातू समोरच्या उघड्या धातूला चिकटून बसतो. त्यात ३०४ ग्रेडचं स्टील, म्हणजे स्टेनलेसचा नेहमीचा प्रकार, उष्णता वाहून नेतं साध्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश. सगळी गरमी आट्यांतच कोंडते.

१. आधी आटे साफ करा. ड्रिलिंगचा कीस, सिमेंटची धूळ जुन्या टूथब्रशने काढा. लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याचे कण आट्यांत राहतात आणि पुढे त्यांनाच गंज धरतो. नट बोटांनी शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे. अडला, तर ती जोडी बाजूला टाका.

२. अँटी-सीझ पेस्ट, म्हणजे आटे चिकटू नयेत म्हणून असलेलं घट्ट वंगण लावा, शक्यतो निकेलची. जिथे नट बसणार तेवढ्या आट्यांवर पातळ हात पुरे. खोबरेल चालेल का, असं प्रत्येक छतावर कोणीतरी विचारतंच. कसण्यापुरतं चालेल, पण काही वर्षांनी पॅनल उतरवायची वेळ येईल तेव्हा ते तिथे नसेल. आणि अर्थिंग वॉशरच्या (पॅनलची फ्रेम अर्थिंगला जोडणारी दातेरी चकती) दातांखाली पेस्ट जाऊ देऊ नका, तिथे धातूला धातू भिडायलाच हवा.

३. इम्पॅक्ट खाली ठेवा, ॲलन की घ्या. सुरुवातीचे आटे बोटांनीच, मग सावकाश. नायलॉक नट असेल तर आणखी हळू, कारण नायलॉनच्या कड्यामुळे घर्षण वाढतं.

४. शेवटचा ताण टॉर्क पान्यानेच द्या, म्हणजे किती जोराने कसलं ते मोजणाऱ्या पान्याने. क्लॅम्पच्या कागदावरचा आकडा कोरड्या आट्यांचा आहे की वंगण लावलेल्या, ते बघा. कोरड्याचा असेल तर पेस्ट लावल्यावर साधारण २० ते ३० टक्के कमी धरा, नाहीतर बोल्ट जास्त ताणला जातो.

कसताना हाताला खरखर जाणवली की तिथेच थांबा. जोर लावायचा मोह होतो. नट हमखास जाम होतो तो तेव्हाच. थंड होऊ द्या, तेल सोडा, मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, असं करत काढा. निघाला तरी आटे दुखावलेले असतात, म्हणून नट आणि बोल्ट दोन्ही नवे घ्या. नाहीच निघाला तर कापा, पण ग्राइंडर नको: ठिणग्या पॅनलची काच खराब करतात.