पहिल्या प्रेमभंगाची कविता कशी लिहावी?

सोळाव्या वर्षी प्रेम मोडतं तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडलेलं दिसत नाही. ती क्लासला दुसऱ्या रस्त्यानं जायला लागते. किंवा मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येत नाही. एवढंच. पण तेवढ्यानं घास उतरत नाही. कविता या 'एवढंच'ची लिहायची.

सुरुवातीला कविता लिहूच नका. वहीचं मागचं पान उघडा आणि साध्या गद्यात दहा ओळी लिहा: काय दिसलं, काय ऐकू आलं, हातात काय होतं. 'मला खूप वाईट वाटलं' हे चालणार नाही. वाईट वाटलं तेव्हा कुठे उभे होतात, ते लिहा. मी उभा असायचो सायकलच्या दुकानापाशी. दहावीत होतो. ती तिथून क्लासला जायची, म्हणून मी रोज थांबून चाकात हवा भरायचो. मग एके दिवशी ती डेअरीच्या रस्त्यानं जायला लागली. पण त्या वेळी मी जे लिहिलं त्यात ना पंप होता ना डेअरी:

तुझ्याविना जीवन हे
वाळवंट झाले माझे

अक्षरं मोजा, दोन्ही ओळींत आठ-आठ. हिशेब चोख आणि कविता शून्य. मी तोवर वाळवंट पाहिलं होतं ते पंढरपूरला चंद्रभागेचं, आणि तिथं तर पाय ठेवायला जागा नसते.

म्हणून दुसरं काम खोडण्याचं. काळीज, विरह, अश्रू, चांदणं, मोरपीस यांखाली रेघ मारा. मोरपीस खरोखरच वहीत जपलं असेल तर राहू द्या, नसेल तर घालवा.

आता छंद. मुक्तछंद सोपा वाटतो, पण नवख्याला त्यात कुठे थांबावं ते कळत नाही. अष्टाक्षरी घ्या: ओळीला आठ अक्षरं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक. बोटांवर मोजता येते. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे 'प्रेम' दोन अक्षरांचं आणि 'क्लास'ही दोनच. मोजणी जमवण्यासाठी 'दुज्या', 'मम', 'तव' असले शब्द हमखास घुसतात. मीही आधी 'वळते गं दुज्या वाटे' असं लिहिलं होतं. आठ अक्षरं झाली, पण 'दुज्या वाटे' असं कोणती मुलगी जाते? बरीच खाडाखोड करून हे जमलं:

सायकल तुझी आता
जाते डेअरीवरून
मी भरतो हवा रोज
चाकं भरली असून

यात 'प्रेम' शब्द नाही, तरी कुणालाही कळतं. ही युक्ती आपल्याकडे फार जुनी. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या जुन्या काव्यसंग्रहातल्या महाराष्ट्री प्राकृत गाथांमध्येही माणसं शेताबद्दल, नदीबद्दल, वाटसरूबद्दल बोलतात आणि मनातलं तिसरंच सांगून जातात.

खरं नाव घालू नका. गावात लगेच ओळखू येतं. शिव्याशापही नकोत, 'बेवफा' तर नकोच. त्यात समोरचं माणूस वाईट दिसत नाही, लिहिणारा केविलवाणा दिसतो. आणि रात्री अकरानंतर लिहिलेलं त्याच रात्री कुणालाही पाठवू नका. आठवडाभर ठेवा, मग मोठ्यानं वाचा. जीभ अडखळेल ती ओळ बदला.

कडवी तीन-चार पुरेत. शेवटच्या कडव्याकडे मात्र संशयानं बघा, तिथं आपण बहुधा शहाणपणा करतो. माझ्याही शेवटी 'तू जिथे असशील तिथे सुखी राहा' छापाचं काहीतरी होतं. ते काढलं आणि दुकानातल्या काकांचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं ठेवलं:

काका म्हणाले, 'बस रे,
ट्यूब फुटेल अशानं'