"सगळं निसर्गनियमाने चालतं, मग अल्लाह कशाला?" असं कोणी विचारलं तर कसं बोलायचं

गोव्यात फोंडा, वास्को, म्हापसा, कुठेही कॉलेजात हा प्रश्न येतोच, आणि आपली मुलं एकतर चिडतात नाहीतर मोबाइल काढून कुठलातरी व्हिडिओ दाखवायला लागतात. दोन्ही नको.

पहिलं म्हणजे समोरच्याचं जे बरोबर आहे ते मान्य करून मोकळे व्हा. मुरगावच्या भरती-ओहोटीच्या वेळा आधीच काढून ठेवलेल्या असतात, एका भरतीनंतर दुसरी साधारण 12 तास 25 मिनिटांनी, म्हणून भरती रोज जवळजवळ 50 मिनिटं पुढे सरकते, आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण. चंद्रसूर्याच्या ओढीमुळे हे होतं, यात भांडायचं काय? कुरआनच सांगतं की सूर्य आणि चंद्र हिशोबाने चालतात (सूरह रहमान, आयत 5). नियम सापडला म्हणून मुसलमानाने घाबरायचं कारणच नाही.

"विज्ञानाला अमुक कळलेलं नाही, म्हणजे तिथे अल्लाह" हे तर अजिबात बोलू नका, उद्या ते कळलं की तुमची पंचाईत. पैगंबरांचा (स.) लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं, लोक म्हणायला लागले त्याच्यामुळेच लागलं. पैगंबरांनी स्पष्ट सांगितलं की सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. मला तरी या विषयात यापेक्षा चांगली सुरुवात माहीत नाही.

मग खऱ्या मुद्द्यावर या. अंतर दुप्पट झालं की गुरुत्वाकर्षण चौथा हिस्सा होतं, बरोबर, पण असंच का आणि कालचा नियम आजही का टिकून आहे हे त्या सूत्रात लिहिलेलं नसतं. स्टँडवर कदंबाचं (गोव्याच्या सरकारी बसचं) टाइमटेबल लावलंय म्हणून बस आपोआप सुटत नाही ना, तसंच. सूरह फातिरच्या 41व्या आयतीत आहे की आकाश आणि पृथ्वी जागेवरून ढळू नयेत म्हणून अल्लाहच त्यांना धरून आहे, म्हणजे एकदा चावी देऊन बाजूला झाला असं नाही.

इथे "इस्लाम असं म्हणतो" असं एका दमात ठोकून देऊ नका, कारण आपल्याच विद्वानांत यावर जोरदार वाद झालाय. इमाम ग़ज़ाली (मृत्यू 1111) म्हणाले, कापूस आगीला लागला की जळतो एवढंच आपल्याला दिसतं, आगच जाळते हे दिसत नाही, करणारा अल्लाह. इब्न रुश्द (1126–1198) म्हणाले, वस्तूंचे गुणधर्मच नाकारले तर ज्ञानच उरणार नाही. मला इब्न रुश्दचं जास्त पटतं, आग जाळते म्हणा की खुशाल, पण तो गुण तिच्यात आला कुठून हा प्रश्न राहतोच.

शेवटी "मग अल्लाहला कोणी बनवलं?" येणारच. इथे तत्त्वज्ञ इब्न सीना कामाला येतो: जे असूही शकतं आणि नसूही शकतं त्याला कारण लागतं, अशा गोष्टींची साखळी कितीही लांबवली तरी अख्खी साखळी नसूही शकली असती, म्हणून ज्याचं असणं दुसऱ्या कशावर टेकलेलं नाही असा कोणीतरी हवा. मित्र म्हणेल, मग विश्वच तसं समज ना. म्हणू दे, त्याला एवढंच विचारा की ज्या विश्वाचे नियम वेगळेही असू शकले असते, ते विश्व आपल्या आपण असायलाच हवं होतं हे कसं? यावर तो गप्प बसेलच असं नाही, पण निदान वाद आता योग्य जागी आलाय, पुढचं चहा मागवून बोला.