दिनविशेषाचा फळा कसा लिहावा

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या, खानापूर तालुक्यातल्या गावात वाचनालयाच्या दारात एक फळा टांगलेला आहे. तीन फूट रुंद, दोन फूट उंच, डावा कोपरा पावसानं फुगलेला. सकाळच्या बसला निघालेली पोरं, डेअरीत दूध घालून परतणारी माणसं, पेपर वाचायला येणारे म्हातारे त्याच्यासमोर जेमतेम अर्धा मिनिट थांबतात. आजच्या तारखेला पूर्वी काय काय घडलं, ते मी त्यावर लिहितो. शाळेत, मंडळाच्या खोलीत, डेअरीच्या भिंतीवर, कुठंही असा फळा सुरू करता येतो. खर्च खडूचा. बाकी लागते ती सवय, आणि थोडा संशयी स्वभाव.

संशयी का, ते आधी सांगतो. सुरुवातीला मी मोबाईलवर येणारा मजकूर जसाच्या तसा उतरवायचो. एका १४ फेब्रुवारीला लाल खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना आजच्या दिवशी फाशी. दुपारपर्यंत चार-पाच जणांनी फोटो काढून पुढे पाठवलाही. संध्याकाळी गल्लीतले एक निवृत्त गुरुजी आले, काठी फळ्याला टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "बाळ, मग २३ मार्चला काय लिहिणार?"

फाशी २३ मार्च १९३१ ला लाहोरला झाली, हे मला शाळेपासून पाठ होतं. तरी हात चालला. त्या रात्री फळा पुसला आणि वही आणली.

आधी वही, मग फळा

दोनशे पानी दोन वह्या घ्या. एका तारखेला एक पान, २९ फेब्रुवारी धरून ३६६ पानं. उरलेली ३४ पानं मागे तिथींसाठी ठेवा, त्यांचं काम पुढे पडतं. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: साल, घटना, ठिकाण आणि ही माहिती कुठं वाचली. चौथी गोष्ट बहुतेक जण गाळतात आणि वर्षभरानं पस्तावतात.

दोन ठिकाणी तीच तारीख सापडली तरच नोंद पक्की. मात्र ती दोन ठिकाणं एकमेकांची नक्कल नकोत. पाच मोबाईलवर आलेला एकच मजकूर हा पाच नव्हे, एकच पुरावा. मी आधी मराठी विश्वकोश पाहतो. आपल्या भागासाठी १८८४ सालचं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटिअर. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे आणि लिहिणारे राज्यकर्ते होते, हे लक्षात ठेवून वाचावं लागतं. पण राणी चन्नम्माच्या कित्तूरच्या इंग्रजांशी झालेल्या लढाईसाठी त्याच्याकडे वळावंच लागतं. जुळत नसेल तर पेन्सिलीनं लिहून ठेवा. चौरीचौराची तारीख कुठं ४, कुठं ५ फेब्रुवारी १९२२ दिलेली असते. ती नोंद माझ्या वहीत बरेच दिवस पेन्सिलीतच होती.

एक पान उघडून बघू

८ एप्रिल घेऊ. १८५७ साली या दिवशी बराकपूरला मंगल पांडे यांना फाशी दिली. १८९४ साली बंकिमचंद्र चटर्जी वारले. १९२९ साली भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बाँब टाकले आणि पळून न जाता स्वतःला अटक करवून घेतली. कोणत्याही दिनविशेषात एवढं सापडतं. हे तीनच लिहिले असते तर फळा पुण्यातही चालला असता आणि नागपुरातही.

आमच्या फळ्यावर चौथी ओळ असते: १९२४, सुळेभावी, तालुका बेळगाव. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म. हे नाव वाचून पोरं विचारतात, "हे कोण?" त्याखाली मी मुद्दामच लहान अक्षरांत लिहितो: पुढे कुमार गंधर्व. बेळगावपासून हाकेच्या अंतरावरच्या गावात, कन्नड घरात जन्मलेला मुलगा मुंबईला देवधर मास्तरांकडे गाणं शिकतो, क्षयानं आजारी पडून देवासला राहतो आणि तिथं माळव्याची लोकगीतं गोळा करतो. एवढं सगळं फळ्यावर मावत नाही. पण कोमकली हे आडनाव पाहून बसची वाट बघणारा एक आजोबा दहा मिनिटं बोलत बसला होता, त्यात सगळं आलं.

म्हणून नियम असा: चार ओळींपैकी एक तरी बसनं जाऊन येण्याजोग्या अंतरातली हवी. ही ओळ शोधायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि जाऊ द्यावा.

२६ डिसेंबरला ती शोधावी लागत नाही. १९२४ साली त्या दिवशी बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं; गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. त्यासाठी खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून दाखवतात. बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, आणि त्सुनामी २६ डिसेंबर २००४ ची. मग २०२४ साली अधिवेशनाच्या शताब्दीसाठी काँग्रेसची मंडळी बेळगावात जमली असताना त्याच रात्री मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रम रद्द झाले. त्या सकाळी मी वहीत नवी ओळ लिहिली. वही बंद ठेवायची नसते, ती अशी.

तारीख तीच, पण दिवस तोच का?

इथं चांगले चांगले घसरतात.

शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं ते ६ जून १९४४ ला. "नेमक्या त्याच दिवशी, २७० वर्षांनी!" असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. राज्याभिषेकाची ६ जून ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगरियन पद्धतीनं तो दिवस १६ जून येतो. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता. इंग्रजांनी पद्धत बदलली १७५२ साली, तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. रायगडावर ६ जूनला सोहळा होतो, म्हणून माझ्या फळ्यावरही तो ६ जूनलाच असतो. योगायोगाची भाषा मात्र वापरत नाही. १७५२ च्या आधीची इंग्रजांच्या कागदातली तारीख दिसली की वहीत समोर 'जुनी' असं लिहून ठेवा.

आता मागची ३४ पानं. मुळात राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं. पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली घटना असेल तर ७९ मिळवायचे. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ चा धरतात, म्हणून तिथं ७९ मिळवून १६३० येतं. ७८ मिळवून १६२९ लिहिलेली वही मी पाहिली आहे. माझीच होती.

बेळगावकरांना हे वेगळं शिकवायला नको. महाराष्ट्र सरकारची शिवजयंती १९ फेब्रुवारीला, तिथीची फाल्गुनात, आणि आपल्या शहराची पारंपरिक शिवजयंती वैशाखात, चित्ररथांच्या मिरवणुकीसह. तीन दिवशी तीनदा लिहायची का? मी लिहितो. प्रत्येक वेळी खाली कंसात तो दिवस कुठल्या हिशेबानं आला ते देतो.

घड्याळाचाही घोळ असतो. माणूस चंद्रावर उतरला ती तारीख जगभर २० जुलै १९६९ सांगतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजून गेले होते, म्हणजे २१ जुलै. घटना जिथली, तारीख तिथली, हा हिशेब ठेवला की चंद्र सोडून बाकी सगळं सुटतं.

योगायोग की ठरवून?

एका पानावरच्या दोन घटनांमध्ये काही नातं आहे का, हे स्वतःला विचारा. ८ एप्रिलच्या चार घटनांत काडीचं नातं नाही. २६ जानेवारीचं तसं नाही. १९३० साली या दिवशी देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली, म्हणूनच राज्यघटना अमलात आणायला १९५० साली हाच दिवस निवडला. हे नातं ठरवून जोडलेलं.

आणि त्याच पानावर आमच्या तालुक्याची ओळ आहे: २६ जानेवारी १८३१, नंदगड. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी. ती तारीख कुणी ठरवून प्रजासत्ताकाला जोडलेली नाही. त्याचा जन्मही १५ ऑगस्टचा सांगतात. नंदगडची पोरं हे अभिमानानं सांगतात, आणि सांगावंच. फक्त फळ्यावर 'म्हणून' हा शब्द येऊ देऊ नका. 'आणि' पुरतो.

ही ओळ आमच्या फळ्यावर कन्नडमध्येही असते. मला कन्नड बोलता येतं, पण अक्षर गिचमिड. म्हणून हायस्कूलला जाणारी शेजारची मुलगी लिहून देते, आणि माझ्या मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही काढून जाते.

१ नोव्हेंबर

सीमाभागात फळा लिहिणाऱ्याला हा दिवस टाळता येत नाही. कुणी विचारायच्या आत वहीतलं पान पक्कं करून ठेवा. १९५६: राज्य पुनर्रचना कायदा लागू, बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मागे राहिला. १९७३: म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक. २०१४: बेळगावचं सरकारी नाव बेळगावी. शहरात एका रस्त्यानं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक जाते, दुसऱ्या रस्त्यानं महाराष्ट्रात जाऊ पाहणाऱ्यांच्या काळ्या दिनाची फेरी. मी दोन्ही लिहितो. माझं मत काय ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला फळ्यावर जागा नाही, कट्ट्यावर आहे.

याच दिवसाच्या पानावर केरळही आहे, १९५६ चंच. हा योगायोग नव्हे, कायद्यानंच नेमलेला दिवस.

फळा लिहिताना

आदल्या रात्रीच ओल्या फडक्यानं पुसा. सकाळी पुसला तर ओल राहते आणि खडू उठत नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात तर दुपारपर्यंत नाही. साल डावीकडे, तीन बोटं उंच. ओळी चार, फार तर पाच. जन्म-मृत्यूंची यादी नको; दोन पुरेत. पदव्या आणि विशेषणं गाळा, 'थोर', 'महान' यांत अर्धा फळा जातो. चूक सापडली तर पुसून गप्प बसू नका. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात 'काल चुकलं' असं लिहून दुरुस्ती द्या. गुरुजींनी १४ फेब्रुवारीनंतर माझ्याकडून ते लिहून घेतलं होतं.

राहिलं २९ फेब्रुवारीचं पान. चार वर्षं कोरं राहतं, म्हणून निवांतपणे भरता येतं. माझ्या पानावर दोन जन्म आहेत: १८९६, मोरारजी देसाई. १९०४, भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. १९७७ साली पंतप्रधान मोरारजींनी रुक्मिणीदेवींना राष्ट्रपतिपदासाठी विचारलं होतं, त्यांनी नको म्हटलं. मी हे मोठ्या कौतुकानं गुरुजींना दाखवलं. मोरारजी मुंबईचे मुख्यमंत्री असताना संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घोषणा दिलेला माणूस तो. चष्मा वर करून त्यांनी मोरारजींचं नाव वाचलं आणि वही परत दिली.

"चार वर्षांनी एकदाच येतो ना? मग असू दे."