किशोरवयीन मुलांना रोजची कामे शिकवताना या चुका टाळा

स्वमग्न (ऑटिझम) असलेला एक पंधरा वर्षांचा मुलगा रोज स्वतः अंघोळ करतो, असे त्याची आई मला खात्रीने सांगत असे, आणि ते खोटे नव्हते. मात्र त्या दहा मिनिटांत ती न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहून “साबण लाव, पाठीवर पाणी घे, आता टॉवेल घे” असे सतत बोलत असे. ती दोन दिवस बाहेरगावी गेली, तेव्हा हा मुलगा ओल्या अंगाने थंडीत कुडकुडत न्हाणीघरातच उभा राहिला, कारण टॉवेल घेण्याची पायरी त्याच्यासाठी आईच्या आवाजापासून सुरू होत होती.

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त घरांत होणारी चूक हीच आहे. आपली सूचनाच कामाचा भाग होऊन बसते आणि मूल ते काम शिकले आहे असे आपण समजतो. डॉ. ए. जे. मॅलिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी रूपांतरित केलेल्या व्हाईनलँड सामाजिक परिपक्वता मापनीत, म्हणजे मूल रोजचे व्यवहार कितपत स्वतः करते हे मोजणाऱ्या चाचणीत, पालकांना प्रश्न विचारले जातात, तेव्हा मुलाला काय जमू शकेल यापेक्षा ते नेहमी काय करते याला महत्त्व असते. या प्रश्नांना “येतं त्याला” असे उत्तर प्रेमापोटी दिले जाते. पण त्यामुळे मुलाचे सामाजिक वय, म्हणजे रोजच्या व्यवहारांत ते किती वर्षांच्या मुलासारखे वागते याचा आकडा, फुगते आणि त्याला जी मदत हवी असते ती कागदावर येतच नाही.

यावर उपाय असा, की सूचना देण्यापूर्वी मनातल्या मनात दहा आकडे मोजून थांबावे. तरीही मूल अडले तर बोलण्याऐवजी नुसते बोट दाखवावे किंवा कामाच्या पायऱ्या दाखवणाऱ्या, भिंतीवर लावलेल्या चित्रांच्या पट्टीकडे नजर वळवावी. पट्टी घरात कोणी नसतानाही भिंतीवर असते. तोंडी सूचना मात्र एकदा अंगवळणी पडली की सुटता सुटत नाही.

दुसरी चूक म्हणजे काम एका तुकड्यात शिकवणे. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलरमध्ये पाणी भरावे लागते, आणि हे काम या मुलांना शिकवण्यासारखे आहे, कारण ते रोजचे असून त्याचा गारवा लगेच मिळतो. “कूलर भर” या दोन शब्दांत मात्र निदान आठ पायऱ्या दडलेल्या असतात: बटन बंद करणे, प्लग काढणे, टाकी पाहणे, पाइप टाकीत सोडणे, नळ उघडणे, रंगाने केलेल्या खुणेपर्यंत पाणी आले की नळ बंद करणे, पाइप गुंडाळणे, हात पुसणे. सुरुवातीला पहिल्या सहा पायऱ्या आपण मुलाच्या साथीने कराव्यात आणि पाइप गुंडाळून हात पुसण्याचे काम त्याच्यावर सोपवावे, म्हणजे काम पूर्ण केल्याचे समाधान पहिल्याच दिवशी त्याला मिळते. मग शेवटाकडून एकेक पायरी मागे सरकत त्याच्यावर सोपवत जावे. प्लगच्या पायरीला मात्र सवलत नाही. ती मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावी, आणि कूलरचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय या कामाला हातच लावू नये.

बुद्ध्यांकावरून अंदाज बांधणे हीही मोठी चूक आहे. बुद्ध्यांक सर्वसाधारण असलेल्या अनेक स्वमग्न मुलांची रोजच्या व्यवहारातील कौशल्ये त्यांच्या बुद्धीच्या मानाने बरीच मागे असतात, आणि किशोरवयात हे अंतर अनेकदा वाढत जाते. २०१३ सालच्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान नियमावलीनेही बौद्धिक अक्षमतेची तीव्रता बुद्ध्यांकाऐवजी दैनंदिन व्यवहारक्षमतेवरून ठरवली आहे. म्हणून दहावीच्या वर्षी “आधी अभ्यास होऊ दे” म्हणत घरकाम बाजूला ठेवणे मला तरी योग्य वाटत नाही.

वर्गात खोट्या नोटांनी हिशेब जमलेले मूल किराणा दुकानात गोंधळते, तेव्हा ते विसरले असे समजू नये. जागा बदलल्यावर तेच काम त्याच्यासाठी नवे होते. दुकानदाराला आधी कल्पना देऊन, खऱ्या नोटेने, एकच वस्तू आणण्यापासून सुरुवात करावी. नागपूरच्या मेट्रोचा प्रवासही असाच शिकवावा: आधी शांत वेळी एकाच स्थानकाचे अंतर आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर सीताबर्डीला गाडी बदलणे. रविवारी संध्याकाळी सीताबर्डीच्या गर्दीत पहिला धडा देणे म्हणजे मुलाला आणि स्वतःलाही हरवून बसणे होय.

वयात येण्याबाबतची टाळाटाळ सर्वांत महाग पडते. मुलींना पॅड लावण्याचा सराव पाळी सुरू होण्याआधीच द्यावा, आणि मुलगा असो वा मुलगी, दार लावून कपडे बदलणे व पाहुण्यांना मिठी न मारता नमस्कार करणे लहानपणापासूनच शिकवावे, कारण सहाव्या वर्षी ज्याचे कौतुक झाले ते सोळाव्या वर्षी एकाएकी चूक कसे ठरते, हे या मुलांना उमगत नाही.

प्रगती समजण्यासाठी एक साधी वही पुरते. प्रत्येक पायरीसमोर रोज “आपणहून”, “खुणेवर” किंवा “हात धरून” यांपैकी एकच शब्द लिहावा. दोन आठवडे एखाद्या पायरीसमोरचा शब्द बदलला नाही, तर मुलाला हट्टी ठरवण्याआधी त्या पायरीचे आणखी दोन तुकडे करून पाहावेत.